फाटकाच्या डावीकडची भिंत

हेझलडीन, ससेक्स
४ ऑगस्ट १९५८

चि. एडगर यास विनिफ्रेडताईचे अ. उ. आ.

चर्चच्या आवाराची भिंत पुन्हा फुगली आहे, आणि तीही आपल्या टपर घराकडे डागडुजीला असलेल्या वाट्याची, आत शिरताना डावीकडची. पाद्रीसाहेबांनी बजावलंय की सप्टेंबरअखेर ज्या घराचा वाटा पडका दिसेल, तिथं तारेचं कुंपण लागेल. मी त्यांना सांगितलं, टपरांच्या वाट्याला तार लागायची नाही. उजवीकडे पेनफोल्डांचा वाटा. तिथं भिंतीत गारगोट्या कमी, काटेरी झुडपं जास्त. तिथं लागली तर मी डोळे पुसणार नाही. सत्तर वर्षं आपण त्यांना नावं ठेवतो, ते आपल्याशी बोलत नाहीत. दोन्ही घरांना मानवलंय.

चुना मळायला घेतलाय. लोभ लीड्सच्या धुरात काळा पडू देऊ नकोस.

विनिफ्रेड

लीड्स
९ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू अडुसष्ट वर्षांची, गुडघे तुझ्याहून थोरले. गवंडी बोलाव, सिमेंट थापू दे. आत पुरलेल्या मंडळींची तक्रार येणार नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

एडगर

हेझलडीन
३० ऑगस्ट

चि. एडगर, अ. उ. आ.

सिमेंटनं भिंतीचा श्वास कोंडतो, तुझ्या सल्ल्यानं माझा. भिंत झाली. शेवटी आयव्हीचा वेल ओढला, तर खाली दगडात कोरलेला ‘पी’. उजवीकडची झुडपं तोडली, तिथं आपला ‘टी’. चर्चच्या जुन्या वहीत टपरांचा वाटा ‘बाहेर पडताना डावीकडे’ असा लिहिलाय. आजोबांनी आत जाताना मोजला. बाहेर पडताना त्यांचं लक्ष जेवणाकडे असे.

म्हणजे पडकी भिंत आपली. तार आपल्याला.

लोभ आहेच, अक्कल वाटून घेऊ.

विनिफ्रेड

लीड्स
३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

वेल पुन्हा चढू दे. कुणाला कळणार?

लोभासह गुपितही राखावं.

एडगर

हेझलडीन
२१ सप्टेंबर

चि. एडगर, अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दोन्ही दगड ब्रशनं घासले आणि अमॉस पेनफोल्डच्या दारात जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे पाइप भरला आणि म्हणाला की त्यांच्या घरात हे पहिल्यापासून ठाऊक आहे. त्याचे आजोबा बजावून गेले होते, टपर मंडळी हात राखून काम करत नाहीत, त्यांना उगाच अडवू नका. शिव्या तेवढ्या ऐकून घ्या.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःची थापी घेऊन आला. मी गारगोट्यांमधल्या फटींत चुना भरते, तो चुका काढतो. सत्तर वर्षांचं बोलणं साठलंय त्याच्याकडे.

नऊ दिवस आणि सात हात भिंत उरली आहे. शनिवारच्या गाडीनं ये. हातमोजे आण. सिमेंटचं नाव काढलंस तर लोभाचं मग बघू.

विनिफ्रेड