घंटा, बिशप आणि आपला सेप्टिमसदादा

थ्वेट, यॉर्कशायर

ती. केझायाताईस थिर्झाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. (ठीक म्हणजे कुणी दगावलं नाही, एवढंच.)

बिशप आठवतो ना? गळ्यात घंटा बांधून कळपापुढे चालणारा आमचा खच्ची मेंढा. आईविना राहिलेला, मी चुलीपाशी बाटलीने दूध पाजून वाढवलेला. त्याचे दात गेले म्हणून अमोसने (नवराच तो, ऐकतोय कुणाचं!) त्याला शनिवारी खाटकाला द्यायचं ठरवलं. म्हणे, "मेंढ्या घंटेमागे जातात, बिशपमागे नाही. घंटा दुसऱ्याला बांधू." मी एप्रनआड नुसती रडत होते गं.

त्यातच सेप्टिमसदादा. वसंतात चार दिवसांसाठी आलेला, अजून आहेच. त्याने प्रार्थनाघरात व्याख्यान ठेवलं. अशा खच्ची मेंढ्याला आपण 'वेदर' का म्हणतो, यावर. (गावात कुणी विचारलं नव्हतं.) म्हणे मूळ अर्थ 'वर्षाचं पोर', आणि तिकडे हिंदुस्थानात वासराला 'वत्स' म्हणतात, तोही शब्द याच मुळातला. बिशपला इतक्या लांब नातलग आहेत हे ऐकून मला भरूनच आलं. दाखवायला म्हणून दादाने बिशपची घंटा सोडवून आणली होती, ती त्याने दणदणून वाजवली. दार उघडं, कुरण शेजारी. अख्खा कळप आत! सुगीच्या प्रार्थनेसाठी मांडलेले ओट आणि सलगम दिसल्यावर मग काय विचारतेस! मिसेस ऑल्डरसनच्या टोपीवरची फुलंसुद्धा गेली. अमोस मला म्हणाला, "बघ, आल्या की नाही घंटेमागे?"

पण बाहेर कोण काढणार? दादा घंटा बडवत दाराबाहेर गेला, परत आला, पुन्हा गेला. एक मेंढी हलेल तर शपथ. तेवढ्यात बिनघंटेचा बिशप हळूहळू आत आला (त्याचेही गुडघे तुझ्यासारखेच), सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि वळून चालू लागला. मागोमाग कळप, आणि शेवटी कागद सावरत दादा.

घरी आल्यावर अमोसने स्वतःच्या हाताने घंटा पुन्हा बिशपच्या गळ्यात बांधली.

तुझी,
थिर्झा

ता. क. खाटकाची गाडी सांगून ठेवलेली, ती शनिवारी येणारच. अमोस म्हणतो, रिकामी कशाला पाठवायची? जाते तुझ्याच दारावरून. मागची खोली झाडून ठेव. दादाला सकाळी दोन अंडी लागतात.

आणखी ता. क. दादाला अजून सांगितलेलं नाही. पण काळजी नको, गाडीपर्यंत बिशप पुढे चालेल.