पहिलवान परत येतोच

३ मार्च
नोकरी लागली! माहितीपट काढणाऱ्या कंपनीत कॅमेरे निवडून द्यायचं काम. पूर, आग, दंगल, जिथून शहाणा माणूस पळ काढतो तिथं आमची मंडळी जातात. कोणी काय न्यायचं ते आता मी ठरवणार. दुकानात साधी कपबशी निवडताना सगळ्यांचा जीव खाणारी मी! धाकटी बहीण पोट धरून हसली. ती इथंच कॅमेरा चालवते, माझं नाव तिनंच सुचवलं.

५ मार्च
मालकांनी काम समजावलं. धुळीत लेन्स बदलायची नाही, पावसात आवरण, थंडीत जादा बॅटऱ्या. परत आलेला कॅमेरा पुसायचा आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवर रोखून चालतो का ते पाहायचं. सगळ्यांत जुना आणि अवजड तो ‘पहिलवान’. पुरातून आला, दरडीखालून आला. कुठंही पाठवा, परत येतोच, असं मालक कौतुकानं म्हणाले.

११ मार्च
धाकटीला आग लागलेल्या खाणीत पाठवताहेत. तिला हलका कॅमेरा हवा होता, वेळ आली तर पळता येतं म्हणाली. मी ताईगिरी केली. पहिलवानच न्यायचा, तो परत येतो. तुझ्यापुढं कोणाचं चाललंय, म्हणत तिनं पट्टा गळ्यात घातला.

१४ मार्च
पहिलवान आधी कोणी नेला होता, असं ड्रायव्हरला सहज विचारलं. त्यानं बोटांवर मोजून सांगितलं. पुरात नेणारा गेला. दरडीत नेणाराही गेला. परत आला तो कॅमेरा.
मालकांना जाब विचारला. माणसं परत येतात असं मी कधी म्हणालो, म्हणाले.
धाकटीचा फोन लागत नाही.

१६ मार्च
पहिलवान आला. एकटाच. मालक म्हणाले, फार वाईट झालं. आणि त्याच दमात, चालतो का बघितलंत?
पुसला. पट्ट्यात तिचा केस अडकलेला. खुर्चीवर रोखला.
खुर्चीत निथळणारा माणूस. डोळा बाजूला केला तर खुर्ची रिकामी.

१७ मार्च
आज दोघं. दुसऱ्याच्या तोंडात माती. मालकांना काहीच दिसत नाही. खाणीत नवा माणूस पाठवायचाय, पहिलवान तयार ठेवा म्हणाले. मेला मेलेल्यांचा कॅमेरा! कालव्यात फेकून आले.

१८ मार्च
टेबलावर पहिलवान. ओला.
दाराशी ती. काजळलेली— कॅमेऱ्यात न बघताही दिसतेय. हलका कॅमेरा पुढं केला, घे गं, हाच घे— मान हलवते, नको—

पट्टा माझ्या गळ्यात. मी घातला नाही. सुटत नाही. दार उघडंय, पळावं तर— धाकटे, किती जड गं हा, किती—