इमरजल्दी

ता. ९, सोमवार
जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तू भिंगरी म्हणतेस त्या भावाचा नमस्कार. आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी दोन्ही वेळा पोटभर जेवतो आणि कुणाशी भांडत नाही. त्यातलं पहिलं खरं आहे.

पत्र बघून दचकू नकोस. आमचे सगळ्यांचे फोन शनिवारपासून ऑफिसात जमा आहेत. म्हणून मालाच्या गाडीचा ड्रायव्हर हे घेऊन येतोय, बुधवारी पोचेल. माणूस भला, तुझ्या गाण्यांचा भक्तच. मी तुझा सख्खा भाऊ म्हटल्यावर म्हणाला, "मग मी तिचा आजोबा!" त्याला चपलांच्या दुकानातलं सांगितलं तेव्हा कुठे विश्वास बसला.

आठवतं ना? तू खाली गिऱ्हाइकांपुढे, मी वर माळ्यावर. तू ओरडायचीस, "पाच नंबर काळा, सहा नंबर लाल, बाईंचा पाय मोठा, भाऊ खोका घाल!" मी खोके टाकता टाकता फळीवर ठेका धरायचो. गिऱ्हाईक एका पायात बूट घालून तसंच ऐकत उभं. मालक कपाळाला हात लावायचा, "ही चपला विकते का गाणी म्हणते?" रॅपच्या पहिल्या स्पर्धेत समोरची पोरं "घरी जा, भांडी घास" म्हणाली, तर तू भांड्यांवरूनच सुरू झालीस आणि त्यांनाच घासून काढलंस. आता चौकाचौकात तुझे फोटो लागतात. मला मात्र अजून वाटतं, तू खालून खोकाच मागतेयस.

असो. कामाचं लिहितो.

गुरुवारच्या कार्यक्रमात तुझ्या गाण्यातला 'इमरजल्दी' हा शब्द कुणाचा ते सांगू नकोस. मुलाखतीत तू म्हणालीस म्हणे, "माझ्या एका जवळच्या माणसाचा आहे, स्टेजवर नाव घेईन." ड्रायव्हरने हे कौतुकाने सांगितलं आणि मी लगेच कागद शोधला.

"दाबतोय बटण, इमरजल्दी!
दाराबाहेर कुणाला जल्दी?"

इथे सगळे तुझं हेच गाणं गुणगुणत होते. साहेबाची पोरगीसुद्धा घरी म्हणायची. तिच्याच तोंडून त्याने पुढची ओळ ऐकली, "दहा आहेत ना, दोन गेली तर काय?" ते त्याचंच वाक्य. लंबू बर्फखोलीत पाऊण तास अडकला, त्याची दोन बोटं कापावी लागली, तेव्हा साहेब त्याला हे म्हणाला होता. तेव्हा तिथे चौघंच होतो. साहेब, लंबू, मिस्त्री आणि मी. आतलं लाल बटण दाबलं की बाहेर घंटा वाजायला पाहिजे. ती तीन महिने बंद आहे. मिस्त्रीने तीनदा लिहून दिलंय, नवा भाग आणा म्हणून.

मी तुला फोनवर रडत सांगितलं तेव्हा तू त्याचं गाणं करशील हे मला ठाऊक नव्हतं. नाही, खोटं लिहिलं. ठाऊक होतं. मला तेच हवं होतं.

लंबू घरी गेलाय. उरलो दोघं. शनिवारी साहेबाने आम्हाला बटणावरच्या 'इमर्जन्सी' लिहिलेल्या लाल पाटीसमोर उभं केलं, कोण 'इमरजल्दी' म्हणतो ते ऐकायला. म्हणाला, "वाचा. मोठ्याने."

मला अंदाज होता. सकाळी मोरीत नळ सोडून मी घोकत बसलो होतो. इमर. जन. सी. शाळेत मास्तरांच्या छडीने जे जमलं नाही ते भीतीने जमलं. जन्मात पहिल्यांदा बरोबर म्हणालो. मिस्त्री तर नेहमीच बरोबर म्हणतो.

"दोघंही पंडित!" साहेब म्हणाला. मग मिस्त्रीला धरलं.

का धरलं ते लिहायचं टाळतोय. साहेबाने मला विचारलं, "मग असं वेडंवाकडं कोण बोलतं रे?" आणि मी म्हणालो, "मिस्त्री. आज मुद्दाम नीट बोलतोय."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलतोय का याची वाट बघत होता. ताई, माझी बोबडी वळली होती. त्यानेही मग माझं नाव घेतलं नाही.

आता त्याला मागच्या गोदामात कोंडलंय. कागदपत्रं काढून घेतली. शुक्रवारी गाडीत घालून नेणार. कुठे, ते कुणी सांगत नाही. विचारलं तर साहेब हसतो.

काल त्याचं ताट मी घेऊन गेलो. दाराआडून म्हणाला, "म्हणून दाखव ना परत. छान म्हणालास." मी ताट फटीतून आत सरकवलं, तर म्हणाला, "आत जाशील तेव्हा दाराला पाचर लाव. घंटा दुरुस्त करायला मी नाहीये आता."

साहेबाने आजपासून बर्फखोलीत मला लावलंय. एकट्याला. सकाळी पाचर लावली होती, माल ठेवून वळलो तर दारात साहेब उभा आणि पाचर त्याच्या हातात. "थंडी बाहेर जाते रे," म्हणाला. त्याला कळलंय की नाही, मला कळत नाही.

ताई, वर सांगू नकोस लिहिलंय ते खोडत नाही, पण ते ऐकू नकोस. गुरुवारी सांग. शब्द माझा आहे, मिस्त्रीचा नाही, हे सांग. माझं नाव घे, कंपनीचं घे, घंटा बंद आहे तेही सांग. मिस्त्रीला गाडीत बसवायच्या आधी झालं पाहिजे. मला फार भीती वाटते. तू मला वाचवायचं म्हणून गप्प बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तसं केलंस तर मी तुला तोंड दाखवणार नाही.

सुट्टी संपली. भोंगा झाला. आत जातो.

पत्र खोटं आहे असं कुणी म्हणेल, म्हणून खाली सही हजेरीच्या वहीत करतो तशीच पूर्ण नावाने केली आहे. जुळवून बघायची तर बघू देत.

तुझा भाऊ
(सही, पूर्ण नावाने)