बेचाळीस निकषांचं ऑफिस

३ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून जेवणाच्या टेबलावर बसून धंदा करणं बंद. नऊ वर्षं मी माहितीपुस्तकं लिहितोय. विकत घेतलेला पंप कसा बसवायचा, कसा सुरू करायचा, काय करू नये, हे पायरीपायरीने सांगणारी. बाजूला मिक्सरची घरघर. कुठल्याही प्रतिभेचा यात चुरा होईल.

काल पंपवाल्या मॅडमचा फोन. माझं मोठं गिऱ्हाईक त्या एकच. तीन वर्षांचं काम मला द्यायचं की नाही, हे २० तारखेला स्वतः येऊन ठरवणार. ऑफिस कुठे आहे म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून 'समुद्रासमोर' निघून गेलं. खोटं नव्हे. आगाऊ खरं.

जाता जाता म्हणाल्या, जुनं पुस्तक फार लांबलंय, लोक तिसऱ्या पानावर दमतात. नवा मसुदा आखूड हवा, त्याच दिवशी हवा. साहजिक आहे. योग्य जागा मिळाली की लेखन आपोआप आखूड होतं.

५ नोव्हेंबर
सर्व्हिस्ड ऑफिस ही काय सुंदर कल्पना! खुर्ची, टेबल, इंटरनेट, कॉफी, दारात गोड बोलणारं माणूस, सगळं तयार. आपण फक्त लॅपटॉप घेऊन जायचं. आपल्या शहरात अशी चौदा आहेत. बंदर, विमानतळ, मेट्रो, सगळं हाकेच्या अंतरावर. पहिला दिवस सगळीकडे फुकट.

बायकोचं मत: जे पहिलं बरं वाटेल ते घ्या आणि लिहायला बसा. वीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे सगळ्या गोष्टी तीन ओळींत उरकायची सवय. मी तक्ता केला. एकेचाळीस निकष. खुर्चीचे हात, खिडकीची दिशा, शेजाऱ्याचा फोनवरचा आवाज, वगैरे.
मसुदा: शून्य पानं. पण पाया पक्का झाला.

७ नोव्हेंबर
ऑफिस पहिलं. नववा मजला. समुद्र अगदी समोर, त्यामुळे ऊनही अगदी समोर. स्क्रीनवर स्वतःच्या चेहऱ्याशिवाय काही दिसेना. उन्हाला चुकवत खुर्ची सरकवत राहिलो, दुपारी तीनला प्रिंटरपाशी पोचलो. जहाजं मोजली. सव्वीस. हे संशोधनच आहे, जहाजावरही पंप असतात.
किती लिहिलंत, असं बायकोने विचारलं. समुद्रासमोर माणूस लिहीत नाही, विचार करतो, असं सांगितलं. पंपाचा का, असं तिने विचारलं. विषय बदलला.

१० नोव्हेंबर
ऑफिस दुसरं, मेट्रो स्टेशनच्या डोक्यावर. दर चार मिनिटांनी टेबल थरथरतं. येण्याजाण्याची सोय इतकी उत्तम की जो तो येतो. मेहुणा 'सहज' आला, माझ्या वाट्याच्या दोन कॉफ्या प्यायला, फिरत्या खुर्चीत बसून तीन गिरक्या घेतल्या आणि ताईला नमस्कार सांग म्हणून निघून गेला.
तक्त्यात भर. निकष ४२: मेहुण्याला सापडता कामा नये.

१३ नोव्हेंबर
ऑफिस तिसरं, विमानतळाजवळ. इथे सगळे चाकांची बॅग ओढत भराभर चालतात. मीही घरून चाकांची बॅग नेली. आत काही नव्हतं, पण चालण्यात फरक पडला.
फोनवर बोलायला काचेची छोटी खोली आहे. आत गेलो, दार उघडेना. दारावर सूचना होती, चांगली नऊ ओळींची. चौथ्या ओळीपर्यंत वाचली आणि मग काच बडवली. रिसेप्शनवरच्या बाईंनी एका बोटाने दार सरकवलं. ओढायचं नव्हतं म्हणे. असल्या सूचना कोण लिहितं कोण जाणे. वाचणाऱ्याचा जराही विचार नाही.
मसुदा: मनात बराच पुढे गेलाय.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळी
घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर बायको, समोर पंपाचं जुनं पुस्तक आणि हातात लाल पेन. चौऱ्याऐंशी पानांपैकी बहुतेक खोडलेली. म्हणाली, सहज वाचत होते, तिसऱ्या पानावर झोप लागली, उठल्यावर खोडायला घेतलं. लेक बाल्कनीत खराखुरा पंप बादलीत बुडवून आईच्या वाक्यांप्रमाणे चालू करून बघत होती. फरशीभर पाणी.
तिचं चालू दे म्हटलं. तेवढाच विरंगुळा. टेबल नाहीतरी रिकामंच असतं.

१७ नोव्हेंबर
ठरलं! पहिलंच ऑफिस. उन्हासाठी जाड पडदे लावून देणार आहेत. म्हणजे समुद्र दिसणार नाही, पण असेल.
दारावर माझ्या नावाची पाटी लागली. लेकीला बोलावून पाटीसोबत फोटो काढून घेतला. तीन वेळा, कारण दोनदा माझे डोळे मिटले. खरं सांगायचं तर भरून आलं. इतक्या वर्षांत कुणी माझं नाव दारावर लावलं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
इमारतीला तीन दारं आणि दोन लिफ्ट. मॅडम चुकू नयेत म्हणून पोचण्याची मार्गदर्शिका लिहून पाठवली. सात पानं, तेवीस पायऱ्या. पायरी नऊ खास जमली आहे: 'कारंजे उजव्या हातास ठेवावे, मात्र डावीकडे वळू नये.' शेवटच्या पानावर माझ्या प्रत्येक पुस्तकात असतो तो ठरलेला मजकूर: 'अडचण आल्यास येथे संपर्क साधावा', खाली फोन आणि पत्ता. तो साच्यातच आहे, हात लावावा लागत नाही.
एका दिवसात सात पानं! जागेचा गुण.

१९ नोव्हेंबर
पाचला उठून मसुदा लिहिणार होतो. आठला उठलो. खुर्च्या नीट लावल्या, पाटी पुसली. मसुद्याचं शीर्षक तयार. बाकीचं तोंडी सांगेन.

२० नोव्हेंबर, सकाळी १०.४०
टाय लावून हजर. मोबाइल सायलेंट करून बॅगेत. ऑफिसात शिस्त हवी.

११.२५
ट्रॅफिक असेल.

१२.१०
मॅडम पायऱ्या बारकाईने वाचत येत असणार. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

१.१५
बॅगेतून मोबाइल काढला. मॅडमचे तीन मिस्ड कॉल, लेकीचे सात. लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, पंपवाल्या मॅडम आपल्याकडे आहेत, मस्त गप्पा चालल्यात, तू जेवायला येतोयस का?

२१ नोव्हेंबर
झालं ते असं. नवव्या पायरीवर मॅडमनी कारंज्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मला फोन केले, आणि मग पंपाची सगळी गिऱ्हाइकं करतात तेच केलं. शेवटचं पान उघडलं. तिथे पत्ता होता, नऊ वर्षं असतो तोच, आमच्या घराचा.
बायकोने चहा दिला. टेबलावर तिची खोडून उरलेली अकरा पानं पडली होती, ती मॅडमनी उभ्याउभ्या वाचली. हेच तर मागत होते, म्हणाल्या. तीन वर्षांचं काम मिळालं. बायकोला.
रागावायचं ठरवून ती अकरा पानं वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर पंप सुरू होतो. माझ्या पुस्तकात तो एकेचाळिसाव्या पानावर सुरू व्हायचा. रागावणं राहून गेलं. नऊ वर्षं ही बाई त्याच टेबलावर माझ्यासमोर बसून जेवत होती, आणि मी तिला एकदाही वाचायला दिलं नाही.
तिने मला मदतनीस म्हणून घेतलं आहे. काम: चित्रांना नंबर घालणे. जेवणाचं टेबल आता तिचं ऑफिस, म्हणून माझी सोय इस्त्रीच्या टेबलावर. तक्ता काढून तपासलं. खिडकी आहे. प्लग हाताशी. उंची हवी तशी करता येते, ही सोय त्या तिन्ही ऑफिसांत नव्हती. बेचाळीसपैकी एकेचाळीस गुण! एक गेला, कारण मेहुणा आत्ताच आलाय. ताईचं अभिनंदन करायला.
लेकीने पाटी काढून आणली. इस्त्रीच्या टेबलाच्या पायाला टेकवून ठेवली आहे.
उद्या शनिवार, कपड्यांना इस्त्री करायचा दिवस. त्यामुळे ऑफिस बंद. इस्त्रीही माझ्याकडेच आली आहे.