मशीनवरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ. दसरा आठ दिवसांवर.

नखांतलं लाल अजून गेलं नाही. दोनदा साबण लावून झाला.

लोहाऱ्याची आमची सूतगिरणी बंद पडली, कारण बाहेरदेशातलं सूत स्वस्त पडतं म्हणे. कापूस आमच्या दाराशी पिकतो आणि सूत तिकडचं स्वस्त! हे कसं, ते मला अजून कोणी समजावलं नाही. आता माझी मशीनही व्हिएतनामला विकली. आज ती खोक्यात भरायला मलाच बोलावलं होतं. सुपरवायझर म्हणाला, "भाऊ, ते कुंकू पुसून द्या. घेनाऱ्याले मशीन साफ पाह्यजे."

दर खंडेनवमीला तिची पूजा मीच करायचो. लवकर पुसलं जाऊ नये म्हणून कुंकू तेलात कालवून स्वस्तिक काढायचो. एकोणीस वर्षांचे थर. आज थिनर लावून ते नखांनी खरवडत बसलो. माझीच अक्कल मला नडली.

नाही म्हणता आलं असतं. मग हो का म्हणालो? एका दिवसाचं तरी काम होतं, म्हणून?

घरी आलो तर शोभा पोळ्या लाटत होती. माझे हात पाहून दचकली. "काय लागलं जी हाताले?"

सगळं सांगितलं. मशीन तिकडे पुन्हा चालू होणार, हेही सांगितलं. का कोण जाणे, ते सांगताना मला जरा बरं वाटलं होतं.

तिचं लाटणं थांबलं. "म्हंजे मशीनले काम भेटलं," ती म्हणाली. "अन् तुमाले?"

मी पुन्हा हात धुवायला उठलो.