माउसच्या पोटातलं कुंकू

गुरुजी,

आधी तक्रार ऐकून घ्या, कारण ती गंभीर आहे. काल शाळेत पाटीपूजन झालं आणि आमच्या शिपाईमावशींनी पाट्यांबरोबर संगणकांनाही हळदकुंकू वाहिलं. मॉनिटरला झेंडूची माळ घातली, इथपर्यंत मी कुठून तरी शास्त्राधार काढून दिला असता. पण एक माउस त्यांनी उताणा केला आणि त्याच्या पोटातल्या रबरी गोळीवर चांगली चिमूटभर कुंकू सोडलं. "तेच फिरतंय ना सर, मग जीव तिथंच असणार," असं त्यांचं म्हणणं. युक्तिवाद बिनतोड होता. दुपारी माउस हलेना. पडद्यावरचा बाण एका कोपऱ्यात जाऊन रुसून बसला, आणि तुमच्या हाताखाली सोळा संस्कार शिकलेला हा शिष्य माउसच्या उत्तरपूजेचा विधी शोधू लागला.

तुम्ही विचाराल, संस्कृतच्या मास्तराला संगणकाशी काय देणंघेणं. मीही मुख्याध्यापिका बाईंना हेच विचारलं होतं. येरवड्यातली आमची शाळा. संस्कृत घेणारी मुलं आता एवढीच उरली आहेत की एका रिक्षात त्यांची सहल काढता येईल. अशात एका कंपनीने आपले जुने संगणक शाळेला दिले आणि सोबत एक जाडजूड पुस्तक. बाई म्हणाल्या, "अहो, न समजणारं पुस्तक न कंटाळता वाचणारे आपल्याकडे तुम्हीच." पुण्यात याला कौतुक म्हणतात. तेव्हापासून मी नववी-दहावीला टायपिंग शिकवतो, तक्ते करायला शिकवतो, अर्ज लिहून तो ई-मेलने कसा धाडायचा ते दाखवतो. मुलांचे वडील रिक्षा चालवतात नाहीतर बांधकामावर जातात. हडपसरच्या ज्या रानात तुमच्याबरोबर आम्ही हुरडा खाल्ला, तिथे आता काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि यांच्यातल्या काहीजणींच्या आया रोज सकाळी तिथल्या फरश्या पुसायला जातात. त्याच इमारतीत या मुलांनी खुर्चीवर बसावं, एवढंच माझं ध्येय आहे. मोक्षाचं नंतर बघू.

वर्ग मात्र मी तुमचाच चालवत आलो. चपला बाहेर, हात धुऊन आत, ताठ बसायचं, हात मांडीवर, आणि मी मान हलवल्याशिवाय कीबोर्डला बोट लावायचं नाही. यंत्रं थोडी, जुनी, बिघडली तर दुरुस्त कोण करणार, ही धास्तीही त्यात होतीच. पण खरं कारण तुमची नारायण पेठेतली ती खोली. पोथी ठेवायच्या लाकडी ठवणीवर पोथी, दूध स्टोव्हवर आणि तुमचं सगळं लक्ष पोथीत. दूध रोज उतू जातंय, आणि तुम्ही मागे न वळता म्हणताय, "जाऊ दे, आज काळी कॉफी." एकदा मी तुमच्या आधी पान उलटलं. तुम्ही ओरडला नाहीत. चष्म्यावरून बघत एवढंच म्हणालात, "का रे, पुढच्या पानावर तुझे कोणी नातेवाईक राहतात का?" त्यानंतर तुमच्या मानेकडे बघितल्याशिवाय मी पान म्हणून उलटलं नाही. मी कॉलेजात गेलो तेव्हा ती लाकडी ठवणी तुम्ही मला देऊन टाकलीत. हल्ली तिच्यावर कंपनीचं ते जाडजूड पुस्तक असतं. रागावू नका, माप अगदी जुळतं.

दहावीत एक मुलगी आहे. बोलते कमी, पण कीबोर्डवर बोटं अशी चालतात की बघत राहावं. मागच्या महिन्यात हडपसरच्या एका कंपनीने आमच्यासारख्या शाळांतल्या मुलांची निवड ठेवली होती. निवडलेल्यांना दहावीनंतर फुकट प्रशिक्षण आणि पुढे तिथेच काम. मी तिला घेऊन गेलो. काचेच्या दाराबाहेर तिने चपला काढल्या, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. वेळ संपली आणि ती बाहेर आली. मागोमाग निवड करणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, "सर, हिने काहीच केलं नाही हो. नुसती हात मांडीवर ठेवून बसली होती."

"का गं, अवघड होतं?" मी विचारलं.

"नाय सर, सगळं येत होतं. पण तिथं कोणी स्टार्ट कर बोललंच नाय."

त्या बाई क्षणभर तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हिला पुन्हा एकदा घेऊन या. ते पुन्हा एकदा म्हणजे उद्या.

त्या निवडीच्या दुसऱ्याच दिवशी मी वर्गात नियम मोडीत काढला. जाहीर केलं, आजपासून विचारायचं नाही, हवं ते दाबा, बिघडलं तर बिघडलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसून राहिला. शेवटी मागून आवाज आला, "सर, मग आता करू का सुरू?"

आणि कालचा तो माउस. मी ऑफिसात जाऊन दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तो लागला नाही, म्हणून परत आलो. बघतो तर या मुलीने माउसचं झाकण फिरवून काढलेलं, गोळी रुमालावर ठेवलेली, आणि केसातल्या पिनेने ती आतलं कुंकू खरवडतेय. तिने सगळं परत बसवलं, माउस फिरवला, बाण पडद्यावर सरळ धावला. "सर, रोलरवर जमलं होतं. आता चालतंय." गुरुजी, याच क्षणासाठी मी महिनाभर घसा फोडत होतो. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "कोणाला विचारून उघडलंस?" सवय, दुसरं काय. लगोलग "छान केलंस, छान केलंस" असं दोनदा म्हणालो, पण तोवर तिचे हात मांडीवर परत गेले होते.

आज दसरा. तुम्ही होतात तेव्हा आजच्या दिवशी सोनं द्यायला मी तुमच्याकडे यायचो. आता आपट्याची पानं ठवणीपाशी ठेवतो. सकाळी ती मुलगी आली होती. त्यांचा आजचा दिवस वेगळा असतो. विहारातून थेट आलेली, पांढरा ड्रेस, हातात आईने दिलेला खिरीचा डबा. आमचं दार सताड उघडं होतं. ती चपला काढून बाहेर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. आमच्या हिचं, बायकोचं, लक्ष गेलं आणि ती म्हणाली, "अगं, आत ये की! दार उघडंच आहे." तेव्हा आली. त्या उभं राहण्याला माझ्या वर्गापेक्षा फार जुनी कारणं आहेत, आणि ती तुम्हालाही ठाऊक होती. तुमच्या खोलीत तिच्या वस्तीतलं कोणी शिकायला आलं नाही. आलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. "आधी ते दूध बघ गं," असं म्हणाला असतात, असं मी आपला धरून चालतो.

तुमच्या शेवटच्या आजारात मी संध्याकाळी वाचून दाखवायला यायचो. एकदा पोथी मांडली आणि बसून राहिलो. तुमचे डोळे मिटलेले. मी बसलोय, हात मांडीवर. एका पोरीचा बाप झालेला माणूस. बऱ्याच वेळाने तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "अरे, वाच की. मी आता मान हलवणार आहे होय?" आपण दोघंही हसलो, आणि तुम्हाला खोकला आला.

हे पत्र आपट्याच्या पानांखाली सरकवून ठेवतो. टपालखात्याला उगाच त्रास नको. उद्या सकाळच्या बसने तिला हडपसरला न्यायचं आहे. मला काचेच्या दाराबाहेरच थांबावं लागेल. कुंकवाची तक्रार मी मागे घेतो, गुरुजी. तिला सगळं येतं, माउस तर माझ्यापेक्षा चांगला येतो. मला भीती एवढीच वाटते की उद्या आत तिला "कर की" म्हणणारं कोणी नसेल, आणि ती वाट बघत बसेल.