सात झाले की खल्लास

५ जानेवारी, रविवार

मी हरलेच नव्हते!

बहिणीची स्वीटी नागपूरहून आली आहे. कॉलेजकडून टेनिस खेळते. सकाळी तिला आमच्या कोर्टावर नेलं. दोघींचे सहा-सहा गेम झाले, म्हणून टायब्रेक. त्यात ती सात पॉइंटवर, मी सहावर. मी रॅकेट खाली ठेवली. ती म्हणते, "मावशी, कुठं चालली? दोनचा फरक लागते ना!" म्हटलं, आर्वीत सात झाले की खल्लास. हसतच सुटली! सात तर व्हायलाच हवेत, पण समोरच्यापेक्षा दोन जास्त. सात-सहा झालं तर पुढे खेळत राहायचं — आठ-सहा, नऊ-सात, फरक पडेल तिथवर.

म्हणजे गेल्या २६ जानेवारीची फायनल! शोभाबाई सात, मी सहा. कप त्यांच्या घरी गेला. वर्षभर मी जळले, आणि सामना संपलाच नव्हता! सत्तेचाळीस वय झालं, शाळेत गणित शिकवते, आणि मला हे कुणी कधी सांगितलंच नाही.

६ जानेवारी

बंडूजींना गाठलं. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, पहिल्यापासून आमचे पंच. हा नियम कुठून आणलात, विचारलं. टोपी काढून डोकं खाजवलं. मग — "मॅडम, तवा माही ड्युटी पावणेआठच्या वर्धा गाडीवर राहे. दोनचा फरक होईस्तोर कोण थांबन? म्हणून मीच ठरोलं, सात झाले का खल्लास."

रिटायर होऊन आठ वर्षं झाली माणसाला! म्हटलं, फायनल पुरी करायची. नाही तर मी नेट काढून घरी नेते. नेट माझं आहे.

७ जानेवारी

शोभाबाई तयार! साठीच्या, सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. कधी कुणावर चिडत नाहीत, त्याचाच मला राग येतो. "वर्षभर तोंड फुगवून राह्यली ना तू? येजो रविवारी. सात-सहापासून घे खेळून."

पुढची सर्व्हिस कुणाची, यावर वाद. मागच्या वर्षीची वही काढली. २६ तारखेचं पान — टायब्रेकची पहिली सर्व्हिस शोभाबाईंची. आधी एक, मग दोघींच्या दोन-दोन. मोजलं, तर पुढच्या दोन माझ्या. लिहून ठेवायची सवय अशी कामी येते!

९ जानेवारी

नियम मोठ्या अक्षरांत लिहून कोर्टाच्या जाळीला लावायचा, म्हणून कार्डशीट आणायला रक्षाच्या दुकानात गेले. गेल्या हिवाळ्यात ही पोरगी रोज खेळायला यायची, फायनलच्या सुमारास बंद झाली. विचारलं, काऊन येत नाहीस? "दुकान राह्यते ना मॅडम." मान वर न करता. कार्डशीट कशाला हवं ते सांगितलं. गुंडाळता गुंडाळता हात थांबला तिचा. "बरं झालं," म्हणाली. बस, इतकंच. आजकालच्या मुलींना कशाचं अप्रूपच नाही.

११ जानेवारी

पन्नास सर्व्हिस मारल्या. अकरा नेटात. खांदा बोंबलतो आहे.

१२ जानेवारी, रविवार

तीन पॉइंट. तीनही माझे!

पहिल्याला शोभाबाईंचा फटका बाहेर. सात-सात. दुसऱ्याला मी कोपऱ्यात टाकला. बंडूजी वाकून चुन्याची रेघ बघून आले — आत! आठ-सात. मग सर्व्हिस शोभाबाईंची. पहिला चेंडू नेटात, दुसराही नेटात. नऊ-सात!

पाच मिनिटंही लागली नाहीत. शोभाबाईंनी कप पिशवीत घालून आणलाच होता. "ने बाई. मी त्यात चमचे ठेवून राह्यली होती." मला वाटलं होतं खूप आनंद होईल. झालाच! कप घासून टीव्हीशेजारी ठेवला. यंदाच्या २६ ला नवा येईल, पण हा माझा हक्काचा. नियम म्हणजे नियम.

१३ जानेवारी

मागच्या वहीत निकाल दुरुस्त करायला बसले. २६ च्या पानावर लाल शाईनं लिहिलं — ९-७, मी. मग सहज मागचं पान उलटलं.

२४ जानेवारी. सेमीफायनल. माझंच अक्षर —

'रक्षाला हरवलं. टायब्रेक ७-६. पोरगी म्हणते, मॅडम, संपलं नाही, दोनचा फरक लागते. चांगलं सुनावलं सगळ्यांसमोर — हरल्यावर नियम काढायचे नसतात! रडत गेली. खेळता येत नाही तर यावं कशाला?'

लाज वाटली. कप टीव्हीशेजारून काढून पिशवीत घातला.

रक्षाचं दुकान नऊला उघडतं.